पळीभर तेलावर चाललेली शाळा: पाटणादेवीच्या रानातला इतिहास

 

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. प्रवासात नेटवर्क जातं, इयरफोन घरी राहतात, त्यांच्यासाठी. बोलण्यात जे 'म्हणजे', 'तर' येतात त्यातले थोडे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आज आपण चाळीसगावला जाणार आहोत. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या खान्देशी पोरांसाठी चाळीसगाव म्हणजे जंक्शन. इथून धुळ्याची गाडी फुटते, आणि फलाटावर उतरलं की घर जवळ आल्यासारखं वाटतं. पण स्टेशनकडे पाठ करून दक्षिण-पश्चिमेला बघितलं तर सातमाळ्याची निळसर रांग दिसते. तिच्या पायथ्याशी, शहरापासून साधारण अठरा किलोमीटरवर, पाटणे नावाचं लहानसं गाव आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणूनच ओळखतात. नवरात्रात जत्रा भरते, पावसाळ्यात धबधब्याला गर्दी होते, आणि वर्षभर रील निघत असतात.

या एका गावाच्या आसपास, रानातून पायी फिरता येईल एवढ्या टापूत, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, बाराव्या शतकातलं शिवाचं देऊळ आहे, जैन लेणी आहेत, किल्ला आहे आणि एक अभयारण्य आहे. या सगळ्याची यादी गुगलवर मिळते. मी आज यादी वाचणार नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारणार आहे: याचा खर्च कोणी केला?

प्रश्न रुक्ष वाटेल. पण सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. कोड कोणी लिहिला हे सगळ्यांना माहीत असतं. सर्व्हरचं बिल महिन्याच्या महिन्याला कोण भरतं, हे कोणी विचारत नाही. आणि बिल भरायचं थांबलं की कितीही भारी कोड असो, साइट बंद पडते.

आधी रान

पाटणे गाव डोंगरी नदीच्या खोऱ्यात आहे. ही नदी वरच्या डोंगरातून उतरते आणि चाळीसगावकडे तितूरला जाऊन मिळते. तितूर पुढे गिरणेला, गिरणा तापीला. म्हणजे पाटणादेवीच्या कड्यावर पडलेला थेंब शेवटी सुरतेच्या समुद्रात जातो. एरवी ही नदी एवढीशी दिसते की पोरं उड्या मारत पार करतील. ३१ ऑगस्ट २०२१ला मात्र वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, डोंगरी आणि तितूर दोन्ही फुगल्या, चाळीसगावात पाणी घुसलं, आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगर आणि शहर यांचं नातं किती जवळचं आहे, ते त्या रात्री सगळ्यांना समजलं.

हा सगळा दगड म्हणजे दख्खनचा काळा कातळ. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. एक थर टणक, त्याखालचा ठिसूळ, पुन्हा टणक. म्हणून कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि म्हणूनच पावसाळ्यात पाणी उड्या घेत खाली येतं. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे इथले धबधबे. एवढा भाग ध्यानात ठेवा, कारण लेण्यांचं काय झालं तेही या थरांनीच ठरवलं.

जंगल पानगळीचं. साग, पळस, सालई, धावडा. मे महिन्यात गेलात तर वाटेल, सगळं मेलंय. जुलैत त्याच जागी हिरवं अंगावर येतं. बिबट्या आहे, अस्वल आहे, मोर तर भरपूर. १९८६ साली हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात गेला. अभयारण्य साधारण २६० चौरस किलोमीटरचं, थोडं जळगाव जिल्ह्यात, बरंचसं पलीकडे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला. नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी. १८१८ नंतर खान्देश कंपनी सरकारच्या हातात आला, पण डोंगरातले भिल्ल काही हातात येईनात. तेव्हा १८२५च्या सुमारास याने भिल्लांनाच भरती करून त्यांची पलटण उभी केली. घाटाला नाव साहेबाचं लागलं. त्या पलटणीतल्या भिल्ल शिपायांची नावं कोणत्याही फलकावर दिसत नाहीत.

ही गोष्ट पुढेही परत परत येणार आहे. नाव कोणाचं राहतं आणि भार कोण उचलतं.

पितळखोरा: अत्तरवाला, वैद्य आणि सोनार

पाटणादेवीहून नाल्याच्या कडेने वर गेलं की पितळखोऱ्याच्या दरीत पोचता येतं. आता मोठी वाट पलीकडे कन्नडच्या बाजूने आहे, तिथून पायऱ्या उतरून लेण्यांत जातात. रानातून जायचं असेल तर वनखात्याला विचारून आणि गावातला जाणता माणूस सोबत घेऊनच जा. पावसाळ्यात ओढ्याला अचानक पाणी येतं, तेव्हा हिरोगिरी नको.

ही बौद्ध लेणी, आणि फार जुनी. सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. अजिंठ्यातली गर्दीची, रंगीत लेणी कोरली गेली त्याच्या कितीतरी शतकं आधी इथे भिक्खू राहत होते. जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती, दाराशी भाले घेतलेले द्वारपाल, पायऱ्यांच्या खालून पाणी काढून देणारी व्यवस्था. पण कातळ ठिसूळ थराचा. पुढच्या भिंती, खांब, छतं, बरंच कोसळून गेलंय. १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांनी इथला मलबा उपसला, तेव्हा कितीतरी शिल्पं खाली गाडलेली मिळाली. त्यात एक बुटका, ढेरपोट्या, हसणारा यक्ष होता. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय की हे कण्हदास नावाच्या सोनाराने केलं.

सोनाराने! दगडाचं काम, आणि करणारा सोन्याचं काम करणारा. यक्षाच्या गळ्यातले, कानातले दागिने बघितले की पटतं. आणि त्याने सहीसुद्धा ठोकून दिली. आपल्याकडे जुन्या कलाकारांची नावं मिळत नाहीत असं आपण नेहमी म्हणतो. इथे बावीसशे वर्षांच्या आसपासचं एक नाव सरळ हातावर लिहिलेलं मिळालं.

आता आपला प्रश्न. खर्च कोणी केला? तेही खांबांवर लिहिलंय. एक दान आहे प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, गंधिक कुळातल्या मितदेवाचं. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आपल्या भाषेत अत्तरवाला. दुसरी दानं आहेत मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरची, त्यात त्याच्या मुलीचंही दान आहे. कोणा एका सम्राटाने हुकूम दिला आणि लेणं झालं, असं नाही. एकाने एक खांब, दुसऱ्याने दुसरा. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्गणी.

महेशाचं देऊळ: राणीने सांभाळलेलं राज्य

आता तेराशे-चौदाशे वर्षं पुढे येऊ आणि डोंगर उतरून परत पाटण्याला. गावाच्या नावातच इतिहास आहे. पाटण म्हणजे शहर, बाजारपेठ. बाराव्या शतकात हे निकुंभ घराण्याचं ठाणं होतं. निकुंभ हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक.

इथे महेशाचं, म्हणजे शंकराचं, काळ्या दगडाचं देऊळ आहे. आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणून टाकतो त्यातलं. खरं तर हेमाडपंत, म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या शंभर वर्षं आधीचं. इथल्या शिलालेखात शके १०७५ आहे, म्हणजे इसवी सन ११५३. देऊळ इंद्रराज नावाच्या निकुंभ राजाने सुरू केलं. तो गेला तेव्हा मुलगा गोवन लहान होता. राज्य सांभाळलं राणी श्रीदेवीने, आणि देऊळ पुरं झालं ते इंद्रराजाच्या मागे.

इतिहासाच्या पुस्तकात श्रीदेवीला अर्धी ओळ मिळते. पण विचार करा. नवरा गेलाय, पोरगं लहान आहे, आजूबाजूला बळकट शेजारी आहेत, आणि तशात सुरू केलेलं बांधकाम थांबू द्यायचं नाही. ज्यांच्या घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत येऊन अडकलंय त्यांना या अर्ध्या ओळीचं वजन बरोबर कळेल.

कन्हेरगड, त्याच्या अंगातली नागार्जुन कोठी नावाची जैन लेणी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी, हेसुद्धा इथेच डोंगरात. नावं लोकांनी नंतर ठेवलेली. बौद्ध, जैन, शैव, आणि सगळ्यांच्या वर चंडिकादेवी. एका खोऱ्यात एवढं सगळं, कारण खोरं घाटाच्या तोंडाशी आहे. वर दख्खनचं पठार, खाली तापीचं खोरं. माल चढणार-उतरणार तो इथूनच. जिथे बैलगाड्या थांबतात तिथे पैसा थांबतो, आणि पैसा थांबतो तिथे देव, साधू आणि पंडित पण थांबतात.

आता खरी गोष्ट: ९ ऑगस्ट १२०७

चंडिकेच्या देवळात एक शिलालेख मिळाला. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांसमोर आणला. पुढे फ्रांझ कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी तो नीट संपादून छापला. हे कीलहॉर्न म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे.

लेखात एका घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, मग भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा भास्कर. हा भास्कर म्हणजे आपला भास्कराचार्य. 'लीलावती'वाला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. लीलावतीतलं एक उदाहरण माझं आवडतं आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या पायाशी सापाचं बीळ. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतोय. मोर तिरका झेपावतो, आणि दोघांनी सारखंच अंतर कापल्यावर साप पकडला जातो. बिळापासून किती हातांवर? कागद घ्या, पायथागोरस लावा, उत्तर बारा येतं. पाटणादेवीच्या रानात मोर दिसला की मला त्याच्या पिसाऱ्याच्या आधी हे गणित आठवतं. इंजिनीअर लोकांचं असंच असतं.

त्यांची उडी किती मोठी होती याचं आणखी एक उदाहरण. एका संख्येचा वर्ग घ्या. तो दुसऱ्या एका संख्येच्या वर्गाच्या ६१ पटींपेक्षा बरोबर एकने जास्त यायला हवा. अशा पूर्ण संख्या शोधा. ऐकायला सोपं आहे. सगळ्यात लहान उत्तर आहे १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. तुम्ही लूप लावून एक-एक आकडा तपासत बसलात तर मशीनलासुद्धा बावीस कोटी फेऱ्या माराव्या लागतील. भास्कराचार्यांनी चक्रवाल नावाच्या पद्धतीने हे मोजक्या पायऱ्यांत सोडवून दाखवलं. हाच ६१चा प्रश्न पुढे १६५७मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकला. पाचशे वर्षांनी.

भास्कराचार्य राहायचे कुठे, यावर वाद आहे. ते स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड गावाचं नाव सांगतात. कोणी ते कर्नाटकात विजापूर मानतं, कोणी आपल्या चाळीसगावच्या परिसरात. आपल्याकडे या वादात लोक लगेच बाह्या सरसावतात. मला वाटतं, त्या वादापायी पाटण्याच्या लेखातली खरी भारी गोष्ट बाजूला राहते. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने याच गावातून बोलावून घेऊन आपल्या पंडितांचा मुख्य केलं, असं लेख सांगतो. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. तो सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आणि या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी पाटण्याला मठ काढला. मठ म्हणजे इथे शिकायची जागा. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवलेच पाहिजेत, असा नियम.

भास्कराचार्यांच्या भावाचा वंशही याच भागात होता. भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव, तोही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. त्याने १२२२मध्ये गिरणेकाठी बहाळला भवानीचं देऊळ बांधलं, तिथेही शिलालेख आहे. बहाळ चाळीसगाव तालुक्यातलंच. म्हणजे दोन चुलत घरं, एकाच तालुक्यात दोन शिलालेख.

मठाला निकुंभ राजा सोइदेवाने दान दिलं. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. आता शके ११२८मध्ये ७८ मिळवले तर १२०६ येतात. पण लेखात संवत्सराचं नाव प्रभव आहे, आणि ते संवत्सर आणि श्रावणातलं ग्रहण दोन्ही जुळतात ते १२०७ला. तारीख निघते ९ ऑगस्ट १२०७. खगोलगणिताच्या शाळेला दान, ते ग्रहणाच्या दिवशी, आणि आठशे वर्षांनी तारीख पक्की करायला उपयोगी पडतं तेही ग्रहणच. असं डिबगिंग मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

जगात तेव्हा काय चाललं होतं? पाचच वर्षांपूर्वी, १२०२मध्ये, इटलीच्या फिबोनाचीने पुस्तक लिहून युरोपातल्या व्यापाऱ्यांना सांगितलं की हे भारतीयांचे शून्यासकट दहा अंक वापरा, हिशेब सोपे होतात. आणि दोन वर्षांनी, १२०९मध्ये, ऑक्सफर्ड सोडून आलेली काही मंडळी केंब्रिजला जमली आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात झाली. त्याच सुमारास आपल्या चाळीसगावजवळ मठ सुरू होता.

शेवटच्या ओळी

लेख बहुतेक संस्कृतात आहे. राजांची स्तुती, पंडितांची वंशावळ, सगळं छंदात. पण शेवटी भाषा बदलते. शेवटच्या ओळी मराठीत आहेत. ज्ञानेश्वरीच्याही आधीच्या, ऐंशीएक वर्षं जुन्या मराठीत. लिपी नागरी आहे.

मराठी कशासाठी? कारण तिथे पैशाचा हिशेब सुरू होतो. वंशावळ पंडितांनी वाचली काय न वाचली काय, चालतं. पण कोणी किती द्यायचं हे बाजारातल्या माणसाला कळायला हवं.

आणि काय लिहिलंय? माझ्या शब्दांत सांगतो. पाटण्याच्या बाजारात जो माल येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर, तो राजाने मठाला दिला. विकणाऱ्यांकडून ब्राह्मणांना मिळणारा हक्काचा वाटा, तो ब्राह्मणांनी मठाला दिला. नगराने, म्हणजे गावातल्या व्यापारी मंडळींनी, खरेदीतला एक बारीक हिस्सा दिला. गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. आणि बाजारात जे मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं. मापाई अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं. मापाचं बघा. गणित शिकवणाऱ्या शाळेकडे गावाचं प्रमाण माप. शेतकरी धान्य घेऊन आला, व्यापारी म्हणतो एवढं भरलं, शेतकरी म्हणतो नाही, जास्त आहे. तंटा मिटवायचा कशावर? मठाच्या मापावर. म्हणजे आत पोरं ग्रहांच्या गती काढतायत आणि बाहेर त्याच मठाच्या नावाच्या मापाने ज्वारी मोजली जातेय. शिक्षणाचा गावाला काय उपयोग, हे वेगळं समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

आणि तेल. पळीभर तेल म्हणजे किती? भाजीच्या फोडणीपुरतं. घाण्यावाल्याला ते जड नाही. पण गावात घाणे जेवढे चालतील तेवढ्या पळ्या. तेल कशाला लागतं? दिव्याला. रात्री पोथी उघडायची, नक्कल करायची, आकडे मांडायचे, तर दिवा हवा. सिद्धान्तशिरोमणी शिकणाऱ्या पोराच्या समोरच्या पणतीत पाटण्याच्या तेल्याचं तेल होतं, असं म्हटलं तर ते काव्य होत नाही. जमाखर्चाकडे बघून काढलेलं साधं अनुमान आहे.

पितळखोऱ्यात अत्तरवाल्याचं नाव आहे, वैद्याचं नाव आहे, सोनाराचं तर यक्षाच्या हातावर आहे. पाटण्याच्या लेखात चांगदेवाचं नाव आहे, सोइदेवाचं आहे, पुढे दान देणाऱ्या त्याच्या भावाचं, हेमाडिदेवाचंही आहे. तेल्याचं नाव नाही. फक्त त्याची पळी आहे.

लेखात आणखी एक विनंती आहे. पुढे जे राजे होतील त्यांनी ही दानं सांभाळावीत. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हे बंद पडू शकतं. राजे बदलतात. १२९६मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत यादवांचं राज्य संपलं. आज पाटण्याला मठ चालत नाही. घाटाने माल यायचा बंद झाला की बाजार उठतो, बाजार उठला की घाणा थांबतो, आणि घाणा थांबला की पळीही थांबते.

पण लीलावती मेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७मध्ये ती फारसीत नेली. १८१७मध्ये कोलब्रूकने इंग्रजीत आणली. आणि मधल्या काळात देशभर हाताने केलेल्या नकला फिरत होत्या, म्हणून तर या लोकांना भाषांतराला पोथ्या मिळाल्या. दरवेळी कोणीतरी नक्कल केली, आणि दरवेळी कोणीतरी नक्कल करणाऱ्याला जेवायला घातलं.

आपली पळी कुठे आहे?

याचंच आपल्या जवळचं, शंभरएक वर्षांपूर्वीचं उदाहरण धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यावरून, रद्दीतून कागद गोळा केले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे बावीस खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, आणि ते दप्तर गावातच राहिलं. माणूस मोठा होताच. पण माणसामागे कागदांना वाळवी लागू न देणारं गाव मिळालं, हे राजवाड्यांचं नशीब. किंवा आपलं.

आता पाटणादेवीला परत येऊ. आपण तिथे जातो. धबधब्याखाली भिजतो, देवीचं दर्शन घेतो, फोटो काढतो. छान आहे, जायलाच पाहिजे. पण ज्या बाजाराने एक शाळा चालवली, त्या बाजाराच्या जागी आज आपणच येतोय. आपणच आता तिथलं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या असं ठरलेलं होतं. आपल्यामागे काय राहतं? बऱ्याचदा कुरकुऱ्यांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या.

मला उपदेश करायचा नाही. मी स्वतः पुण्यात बसून, एसीत, हे बोलतोय. पण पाच गोष्टी सांगतो, पाच सुपाऱ्यांसारख्या. एक, कोरीव दगडावर खडू, तेल किंवा पाणी ओतून अक्षरं 'उठावदार' करायच्या भानगडीत पडू नका. मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. दोन, वाट दाखवायला गावातला माणूस घ्या आणि त्याला पैसे द्या. त्याच्याकडे जे आहे ते गुगल मॅपवर नाही. तीन, जेवायचं गावातच खा. भाकरी, भरीत, ठेचा मिळतो. चार, कचरा परत आणा, आपला आणि हाताला लागेल तो दुसऱ्याचाही. आणि पाच, घरी आल्यावर कोणा एका शाळेतल्या पोराला मोर आणि सापाचं ते गणित घाला. उत्तर सांगू नका. बारा येईपर्यंत बसू द्या.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. अभिजात म्हटलं की आपल्याला ओव्या, अभंग, मोठे ग्रंथ आठवतात. मला आता पाटण्याच्या दगडावरची ती पळी आठवते. आपल्या भाषेतल्या फार जुन्या ओळींपैकी काही ओळी गणिताची शाळा चालवायला कोणी किती तेल द्यायचं, याबद्दल आहेत. एखाद्या भाषेची यापेक्षा चांगली ओळख मला तरी माहीत नाही.

पुढच्या भागात गिरणेकाठी बहाळला जाऊ. तिथे देशपांड्यांनीच १९५०च्या दशकात खोदलं, आणि सापडलेलं गाव भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधीचं, ताम्रपाषाण युगातलं निघालं. तोवर, तुमच्या गावात अशी कुठली पळी चालू असेल, वाचनालयाची, तालमीची, शाळेच्या दुरुस्तीची, तर मला सांगा. नावासकट सांगा. तेल्याचं नाव राहून गेलं, तसं पुन्हा व्हायला नको.

चला, येतो. राम राम.